राग गिळलेला मुलगा

शाळेत पालकसभा असली की ठरावीक तक्रार घेऊन येणाऱ्या दोनतीन आया हमखास असतातच. "बाई, आमचा मुलगा फार तापट आहे हो! मनासारखं झालं नाही की हातातली वस्तू फेकतो. काय करावं?" पण ज्यांचं मूल गप्प गप्प असतं त्या आया कधी काही विचारत नाहीत. "घरात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही" असं कौतुकानं सांगून त्या समाधानानं घरी जातात.

आज मी एका अशा मुलाची गोष्ट सांगणार आहे, जो आधी तापट होता आणि मग अगदी गप्प झाला. त्याच्या त्या गप्पपणाचं सगळ्या जगानं कौतुक केलं. हा मुलगा म्हणजे स्वीडनचा टेनिसपटू ब्यॉर्न बोर्ग. टेनिसमधलं काही कळत नसलं तरी वाचा. गोष्ट आपल्याच घरातली वाटेल.

६ जून १९५६ रोजी स्टॉकहोमला ब्यॉर्नचा जन्म झाला. आईवडिलांचं हे एकुलतं एक मूल. घर जवळच्याच सोडरतेल्ये गावात. परिस्थिती बेताची. वडील रूने यांना टेबल टेनिसच्या एका स्पर्धेत बक्षीस म्हणून सोनेरी रंगाची टेनिसची रॅकेट मिळाली. त्यांनी ती नऊ वर्षांच्या ब्यॉर्नला दिली. झालं! गॅरेजच्या दारावर चेंडू आपटायचा, परत आला की पुन्हा आपटायचा, असं तासन् तास चालायचं. लहानपणी तो बर्फावरची हॉकी खेळायचा. तिथली काठी धरायची सवय हातात बसलेली, म्हणून रॅकेटही तो दोन्ही हातांनी धरायचा. शिकवणाऱ्यांना ते पसंत नव्हतं, पण पुढे तोच फटका त्याची ओळख झाला.

पण हा मुलगा भलताच रागीट होता बरं का! हरायला लागला की शिव्या द्यायचा, रॅकेट फेकायचा, खोटंसुद्धा खेळायचा. बाराएक वर्षांचा असताना क्लबनं त्याला काही महिने खेळायला बंदी केली. आई मार्गारेटा हिनं तर रॅकेटच कपाटात कुलूपबंद केली. ज्या मुलाला दुसरं काही सुचत नव्हतं, त्याचं तेच काढून घेतलं. बंदी उठल्यावर तो परत कोर्टवर गेला तेव्हा त्यानं मनाशी एक ठरवून टाकलं होतं. आता तोंड उघडायचं नाही. उघडलं तर पुन्हा खेळ जाईल.

शिस्त लागली, यात शंकाच नाही. पंधराव्या वर्षी, १९७२ मध्ये, तो डेव्हिस चषकासाठी देशाकडून खेळला आणि जिंकला. १९७५ मध्ये स्वीडननं तो चषक पहिल्यांदा मिळवला. पॅरिसची फ्रेंच स्पर्धा त्यानं १९७४ ते १९८१ या काळात सहा वेळा जिंकली. विंबल्डन १९७६ ते १९८० अशी ओळीनं पाच वर्षं जिंकली. पॅरिसला लाल मातीवर खेळतात आणि विंबल्डनला हिरवळीवर. एकीवर चेंडू संथ येतो, तर दुसरीवर सर्रकन घसरतो. त्यामुळे थोड्याच दिवसांच्या अंतरानं दोन्ही जिंकणं फार अवघड. बोर्गनं ते सलग तीन वर्षं करून दाखवलं. आपल्या विजय अमृतराजनं मात्र त्याला १९७४ साली अमेरिकन स्पर्धेत हरवलं होतं, आणि १९७९ साली विंबल्डनवर पाच सेटपर्यंत झुंजवलंही होतं.

जिंको वा हरो, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. लोक त्याला हिमनगावरून 'आइसबोर्ग' म्हणायला लागले. घरचे मात्र इतके शांत नसत! १९७९ च्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यात आई तोंडात गोळी चघळत बसली होती म्हणतात. आता एकच गुण हवा, लेक जिंकलाच, असं वाटून तिनं गोळी थुंकून टाकली. तेवढ्यात समोरच्या टॅनरनं ओळीनं तीन गुण घेतले. माउलीनं खाली पडलेली गोळी उचलून परत तोंडात घातली आणि मुलगा जिंकला! आईची जात सगळीकडे सारखीच, नाही का?

१९८० चा जॉन मॅकेन्रोबरोबरचा अंतिम सामना जाणकार अजून आठवतात. चौथ्या सेटचा टायब्रेक ३४ गुणांपर्यंत लांबला. त्यात जिंकायची संधी बोर्गच्या हातून पुन्हा पुन्हा निसटली आणि तो टायब्रेक १६-१८ असा गेला. दुसरा कुणी असता तर कोसळला असता. हा पाचव्या सेटला तोच चेहरा घेऊन उभा राहिला आणि ८-६ नं जिंकला.

पण आतलं कुणी पाहिलं होतं? तो आपल्या लाकडी रॅकेटच्या तारा इतरांपेक्षा कितीतरी घट्ट ताणून घ्यायचा. इतक्या घट्ट, की रात्री खोलीत सगळे झोपलेले असताना कुणी हात न लावता त्यातली एखादी तार टणकन तुटायची. माणसाचंही तसंच झालं. १९८१ मध्ये विंबल्डनला आणि मग अमेरिकन स्पर्धेत मॅकेन्रोनं त्याला हरवलं. अमेरिकेत तर तो बक्षीससमारंभालाही थांबला नाही. सरळ गाडीत बसून निघून गेला. जानेवारी १९८३ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. वय किती? अवघं २६! आपल्याकडे या वयात मुलं पहिल्या नोकरीत कायम होतात.

त्याची पहिली पत्नी मारियाना सिमिओनेस्कू ही रुमानियाची टेनिसपटू. १९७४ मध्ये विंबल्डनला मुलींच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेली. लग्न झालं १९८० मध्ये. स्वतःचा खेळ बाजूला ठेवून ती त्याच्या खेळात रमली. नवऱ्याचा सामना बघताना तिच्या जिवाची जी घालमेल व्हायची ती सगळ्यांना दिसायची, त्याची मात्र कुणालाच दिसायची नाही. १९८४ मध्ये घटस्फोट झाला. कोणाचं चुकलं ते ठरवणारी मी कोण? पण एकानं सगळं आत ठेवायचं आणि दुसऱ्यानं अंदाज बांधत बसायचं, असा संसार किती अवघड जातो, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको.

पुढची वर्षं वाईट गेली. कपड्यांच्या धंद्यात दिवाळं निघालं. दुसरं लग्नही मोडलं. १९९१ मध्ये तीच जुनी लाकडी रॅकेट घेऊन तो परत मैदानात उतरला आणि हरला. एव्हाना सगळे नव्या रॅकेटनं खेळत होते. मादक पदार्थांचं व्यसन लागलं होतं. नव्वदच्या दशकात एकदा नेदरलँड्समध्ये तो कोसळला. इस्पितळात डोळे उघडले तेव्हा समोर वडील उभे! ज्यांनी सोनेरी रॅकेट दिली, तेच. त्या क्षणी जी लाज वाटली, तशी कधीच वाटली नव्हती, असं त्यानं पुढे सांगितलं. २००६ मध्ये त्यानं विंबल्डनचे पाचही चषक लिलावाला काढले होते. ते कळल्यावर फोन करून त्याला अडवणारा कोण? तर कोर्टवर आरडाओरडा करणारा मॅकेन्रो! चषक परत घरी आले.

गोष्ट इथेच संपत नाही, म्हणून तर सांगावीशी वाटली. २००२ मध्ये त्यानं पॅट्रिशियाशी लग्न केलं. २००३ मध्ये लिओ झाला. तोही टेनिस खेळतो, आणि २०१७ च्या एका चित्रपटात त्यानं लहानपणचा ब्यॉर्न साकारला. २०२५ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, पत्नीच्या मदतीनं बोर्गनं आत्मचरित्र लिहिलं. त्यात व्यसन, लाज, प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, सगळं सांगून टाकलं. बाराव्या वर्षी मिटलेलं तोंड उघडायला एवढी वर्षं लागली!

मग मार्गारेटाचं चुकलं का? मला नाही तसं वाटत. रॅकेट फेकणाऱ्या मुलाची रॅकेट काढून घ्यावीच लागते. माझं म्हणणं एवढंच, की कपाटाला कुलूप लावल्यावर रात्री त्याच्या अंथरुणाशी बसून "बाळा, एवढं काय झालं होतं रे?" हेही कुणीतरी विचारायला हवं. दूध उतू जायला लागलं तर आपण गॅस बारीक करतो, वर झाकण दाबून धरत नाही.

म्हणून सांगते, तापट मुलाला शिक्षा करा, पण राग ओसरल्यावर त्याचं ऐकून घ्या. राग येण्याला रागावू नका, फेकण्याला रागवा. मूल एखाद्या गोष्टीत हुशार निघालं, तर तेवढीच एक गोष्ट त्याचं सारं जग होऊ देऊ नका. चार मित्र, एखादा छंद, घरातली दोन कामं असू द्या. आणि गप्प मुलाची नुसती तारीफ करून त्याला आणखी गप्प करू नका. शाळेतून आल्यावर "किती मार्क पडले?" याच्याआधी "आज कशाचा राग आला?" असं विचारून बघा. पहिले चार दिवस "कशाचाच नाही" असंच उत्तर येईल. तरी विचारत राहा.

आणि हो, हाच प्रश्न अधूनमधून स्वतःलाही विचारा. सोशिक म्हणून आपलंही कौतुक होतंच की! तेवढ्यासाठी सगळं गिळत बसू नका. घरात एक तरी माणूस असं असू द्या, ज्याच्याशी मनातलं बोलता येईल.