पैसे शेतकऱ्याला की एकराला?

"अमेरिकेत बघा सरकार शेतकऱ्याला कसं सांभाळतं, नाहीतर आपल्याकडे..." हे वाक्य घरच्या प्रत्येक लग्नात कुणीतरी ऐकवतंच. दर वेळी पंगतीत वाद घालण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

मुलीकडे टेक्सासात लबकला मी दोनदा राहून आले. दक्षिणेला लागूनच लिन काउंटी. वस्ती सहा हजारांच्या आत, आणि नजर पोचेल तिथवर कापूस. आम्हा वर्ध्याकडच्यांना तिथे परकं वाटत नाही. परका आहे तो तिथला हिशोब.

तिथे जुन्या पेऱ्यावरून प्रत्येक शेताचे 'बेस एकर' सरकारदरबारी लिहिलेले असतात. भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की फरकाचे पैसे त्या बेस एकरांच्या ८५ टक्क्यांवर मिळतात. यंदा कापूस पेरलाच पाहिजे असं नाही! जास्त एकर, जास्त पैसे. एका माणसाला मर्यादा आहे म्हणतात. होती १,२५,००० डॉलर, २०२५ च्या कायद्याने १,५५,००० झाली. शिवाय २०१८ पासून भाचे-पुतणे, चुलत भावंडंही भागीदार म्हणून चालतात. व्यापारयुद्धाची भरपाई २०१९ साली दिली ती काउंटीप्रमाणे एकरी १५ ते १५० डॉलर. हद्दीच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा. २००६ मध्ये तर 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापलं होतं की २००० पासून किमान १.३ अब्ज डॉलर शेती न करणाऱ्यांना गेले. जुन्या भातजमिनीवर घर बांधून राहणाऱ्यांनासुद्धा! ती योजना २०१४ च्या कायद्याने बंद झाली, एकराचं तत्त्व मात्र तसंच राहिलं.

आणि हे आजचं नाही. १९३३ साली उभा कापूस नांगरून टाकायला सरकारने पैसे दिले. ते जमीनमालकांच्या हाती पडले आणि बटईने करणारे, त्यातले कितीतरी काळे, घरादारासकट बाहेर निघाले.

या पैशांच्या जोरावर तिथला कापूस जगात स्वस्त विकला जातो, म्हणून ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली आणि जिंकली. मग अमेरिकेने काय करावं? २०१० पासून वर्षाला १४.७ कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूसवाल्यांना देऊ केले, २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे आपल्यांना देणं चालू राहावं म्हणून परक्यांनाही द्यायचं! आमच्या यवतमाळ-वर्ध्याच्या वाट्याला त्यातली दमडी नाही, पडलेला भाव मात्र आला.

आमचा एक पुतण्या म्हणतो, "काकू, फुकट दिलं की शेतकरी आळशी होतो." त्याने एक दिवस वेचणीला जाऊन यावं, एवढंच म्हणते.

मदत हवीच. पण कुणाला? पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये सगळ्यांना सारखेच, हे मला अमेरिकेपेक्षा बरं वाटतं. मात्र सातबाऱ्यावर नाव हवं. सासऱ्यांची चार एकर माझ्या नावावर आहे. पेन्शनमुळे मला पैसे मिळत नाहीत, मिळूही नयेत. पण पाऊस गेला तर बुडतो तो मक्त्याने करणारा, त्याला तरी कुठे मिळतात? त्याच्या बायकोचं नाव तर कुठल्याच कागदावर नाही. पीकविमा घ्यायचा तर नोंदणी केलेला करार लागतो, आणि तो मालक करून देत नाही. "उद्या कूळ लागलं तर?" ही भीती.

तेव्हा अमेरिकेचे गोडवे गाणाऱ्या माझ्या दिरांना, भाच्यांना, पुण्यात बसून गावची जमीन मक्त्याने देणाऱ्या सर्वांना एकच विचारते : तुमच्या मक्तेदाराला लेखी करार किती जणांनी करून दिला आहे? मी यंदा पाडव्याला दिला. खर्चही मीच केला. धाकट्या दिरांना मसुदा पाठवून चार महिने झाले, अजून उत्तर नाही.