आधी चावी खिशात, मग पाना हातात

ईदला मुलगा आखातातून घरी येतो. अंगणात ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी धुतली जाते, चावी फिरवली जाते आणि नुसता टकटक आवाज येतो. रत्नागिरी, चिपळूणकडच्या घरांना हे चित्र नवे नाही. मग शेजारचा कुणीतरी पाना घेऊन येतो आणि म्हणतो, "दोनच तर नट आहेत!" जुन्या जीपच्या काळी ते खरे होते. आजच्या गाडीत तीच बॅटरी दारांची कुलुपे, सायरन आणि चोरी रोखणारा इमोबिलायझर यांनाही वीज पुरवते. म्हणून या वेळी आम्ही त्या दोन नटांविषयीच लिहीत आहोत.

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि कुलुपांची यंत्रणा थोडी वीज घेतच असते. हा प्रवाह 20 मिलीअँपिअर धरला तरी दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास खर्च होतो, महिन्याला 14 ते 15. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा 35 अँपिअर-तासांची. दोन-अडीच महिन्यांत काय उरणार, हे सातवीतला मुलगाही सांगेल.

बॅटरी उतरली की आणखी एक गोंधळ होतो. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इमोबिलायझर इंजिन सुरू होऊ देत नाही. वीज अपुरी असली तर ही ओळख नीट पटत नाही, डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह लुकलुकते आणि घरात चर्चा सुरू होते की चावी बिघडली. नव्या चावीवर हजारो रुपये घालवण्याआधी बॅटरी मोजून घ्यावी. भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या खाली गेली तर ती उतरली असे समजावे. नुसती उतरलेली बॅटरी चार्ज करून पुन्हा वापरता येते. चार्ज करूनही टिकत नसेल, तरच बदलावी.

बदलण्याआधी गाडीचे माहितीपुस्तक उघडा. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर रेडिओ सांकेतिक अंक मागतो. ते आधीच शोधून ठेवा. नवी बॅटरी त्याच क्षमतेची आणि धन टोक त्याच बाजूला असलेली घ्या. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीला तिच्यासाठीचीच बॅटरी लागते. काही महागड्या गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. तिथे अधिकृत मेकॅनिकलाच बोलवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. बॅटरी पुन्हा जोडताच काही गाड्यांची दारे आपोआप बंद होतात. चावी आत राहिली तर अडचण, आणि मूल आत राहिले तर जिवावरचे संकट. उन्हात बंद गाडी काही मिनिटांतच तापते. म्हणून मुलांना आधी गाडीतून उतरवा, चावी खिशात ठेवा आणि एक काच खाली असू द्या. बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडीच ठेवा.

इंजिन आणि दिवे बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही काढू नका, संगणक जळू शकतो. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीत गंधकाम्ल असते आणि तिच्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको. प्रथम ऋण, म्हणजे काळी तार सोडा, नंतर लाल. जोडताना उलट: प्रथम लाल, शेवटी काळी. कारण साधे आहे. गाडीचा सारा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. काळी तार जोडलेली असताना लाल टोकावरचा पाना पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर फ्यूज आणि संगणक दोन्ही जाऊ शकतात.

जोडल्यावर सायरन वाजला तर घाबरून तार ओढू नका. रिमोटवरचे उघडण्याचे बटण दाबा किंवा मूळ चावीने इग्निशन चालू करा, बहुतेक गाड्यांत तो थांबतो. घड्याळ आणि काचा पुन्हा लावून घ्याव्या लागतील. यानंतरही चावीचे चिन्ह लुकलुकत राहिले तर अधिकृत केंद्रात जा. इमोबिलायझर 'बायपास' करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देणे म्हणजे कुलूप काढून दार उघडे टाकणे.

जुनी बॅटरी परसात टाकू नका. तिच्यातले शिसे माती आणि पाणी नासवते, लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. दुकानदाराला ती परत दिली तर नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण मुलांना देतो. गाडीच्या बाबतीत ती एवढीच: पुस्तक वाचा, मुलांना दूर ठेवा, चावी खिशात घाला, आणि मग बिस्मिल्लाह म्हणून पाना उचला.