सुरतेचा घाम आणि खानदेशचे तेल

वैशाखाचे ऊन तापू लागले की आपल्या घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. फणीत गुंता येतो, टाळूला खाज सुटते, दिवेलागणीपर्यंत डोके चिकट होऊन जाते. आणि मग सारा दोष सुरतेच्या पाण्यावर ढकलला जातो. या महिन्यात त्या तक्रारीचाच थोडा विचार करू.

सुरतेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांचे मूळ खानदेशात आहे. जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा कडक, पण कोरडा. पारा ४४ अंशांवर गेला तरी घाम अंगावर टिकत नाही, उडून जातो. त्या हवेत केस रखरखीत होतात. म्हणून डोक्यावर पळीभर तेल जिरवून ठेवण्याची आजीबाईंची रीत तेथे शहाणपणाचीच होती. सुरतेला मात्र समुद्र जवळ. येथे पारा तितका चढत नाही, पण घाम वाळता वाळत नाही. अशा हवेत तेल दिवसभर डोक्यावर राहिले की घाम, धूळ आणि तेल यांचा थर बसतो. आपल्या सर्वांच्या टाळूवर एरवीही वसत असलेली बुरशी त्या स्निग्धतेवर पोसली जाते व कोंडा वाढतो. कोंडा म्हणजे कोरडेपणा, असे समजून त्यावर आणखी तेल चोळणाऱ्या भगिनी त्या बुरशीला जेवूच घालीत असतात!

तेल सोडावे, असे मुळीच नाही. त्याची वेळ बदलावी. न्हाण्यापूर्वी तासभर खोबरेल तेल केसांच्या लांबीवर लावावे, आणि न्हाताना ते काढून टाकावे. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यामुळे केसांतील प्रथिनांची होणारी झीज तिघांपैकी केवळ खोबरेलाने कमी झाली. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतले होते हे खरे. पण खोबरेल केसाच्या आत मुरते, हा आपल्या घरचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

आता पाण्याविषयी. नळाला येणारे तापीचे पाणी आणि समुद्राकडच्या वस्त्यांतील बोअरचे पाणी यांत फार अंतर आहे. बोअरच्या जड पाण्यात साबणाने न्हायल्यास पाण्यातील चुन्याशी साबणाचा संयोग होऊन एक चिकट साका तयार होतो, आणि तो केसांवर बसतो. केस निस्तेज व राठ वाटतात ते यामुळे. शिकेकाई व रिठा यांच्या फेसाची घडण साबणाहून निराळी असल्याने असा साका धरत नाही. शेंगा रात्री भिजवाव्यात, सकाळी उकळून पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे. भरड चूर्ण टाळूवर घासू नये. एवढा खटाटोप नको असेल तर सौम्य शाम्पू चालेल. शेवटचे दोन तांबे मात्र नळाच्या पाण्याचे घ्यावेत. लिंबाचा रस टाळूला चोळून उन्हात जाणे कटाक्षाने टाळावे. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतात.

दुचाकीवरून जाणाऱ्या मुली ओढणीने डोके व तोंड गुंडाळून घेतात, हे उत्तमच. पण आपल्या या कापडनगरीत ओढण्या बहुधा कृत्रिम धाग्याच्या मिळतात, आणि त्या घाम शोषीत नाहीत. सुती, शक्यतो फिक्या रंगाची ओढणी घ्यावी, आणि ती रोज धुवावी. हेल्मेटखालीही सुती फडके असावे. ओले केस घाईने अंबाड्यात कोंबू नयेत. ओला केस ताणला जातो आणि तुटतो.

सुट्टीत ताप्ती लाइनने माहेरी निघालात, की नंदुरबारच्या पुढे हवा बदलते. तेथे पुन्हा आजीबाईंचे ऐकावे: तेल थोडे अधिक, न्हाणे थोडे कमी. खिडकीशी बसणाऱ्यांनी वेणी घालून डोक्यावर पदर घ्यावा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे. नवी सून सुरतेला येते, वर्षा-दोन वर्षांत तिचे केस पुंजक्यांनी जाऊ लागतात, आणि घरातली मंडळी म्हणतात, 'तिला इथले पाणी लागले.' जड पाण्याने केस खरखरीत होतात. ते मुळापासून सुटत नाहीत. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणे स्वाभाविक आहे. त्याहून पुष्कळ अधिक जात असतील, तर मागचे तीन-चार महिने आठवावेत. बाळंतपण, मोठा ताप, मनावरचा आघात यांनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुधा पुन्हा येतात. तसे काही घडलेले नसेल, तर रक्तातील हिमोग्लोबिन व लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे. सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवणाऱ्या सुनेचे रक्त कमी असणे हे आपल्या घरांत काही नवल नव्हे. आणि पाण्याला बोल लावीत बसल्याने ती तपासणी वर्षानुवर्षे राहून जाते. टाळूवर रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली, किंवा मुलाच्या डोक्यात खपली धरून केस तुटू लागले, तर घरगुती लेप न लावता त्याच आठवड्यात त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवावे.