जोडीला जोड पाहूनच इंजिन बांधा



आपल्या बीड जिल्ह्यातील वस्त्यांमधून कित्येक मुले ऊसतोडीचा कोयता हाती न घेता गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागतात. चांगली गोष्ट आहे. पण बांधलेले इंजिन महिना-दोन महिन्यांत परत आले, की पहिले बोट हेल्परकडे जाते आणि पैसेही त्याचेच कापले जातात. दोष मात्र कधी कधी मुठीत मावणाऱ्या एका गिअरचा असतो. या वेळी आम्ही त्या गिअरविषयीच लिहीत आहोत.

जुन्या पेट्रोल गाडीत प्रत्येक प्लगला वेळेवर करंट वाटण्याचे काम डिस्ट्रिब्युटर करतो. त्याला फिरवतो कॅमशाफ्ट. क्रँकचे 2 फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा 1 आणि डिस्ट्रिब्युटरचाही 1 होतो. कॅमशाफ्टवर तिरक्या दातांचा गिअर असतो व त्याच्याशी आडवा भिडणारा दुसरा गिअर डिस्ट्रिब्युटरला फिरवतो. हे दात एकमेकांवर घासत फिरतात. म्हणून दोघांचा धातू एकमेकांना मानवला पाहिजे.

धातूधातूंतला फरक आपल्या भगिनींना आम्ही काय सांगावा? बिडाचा तवा पडला तर तडकतो, पोलादी कोयता तडकत नाही. इंजिनातही तसेच वेगवेगळे धातू असतात. जुन्या साध्या टॅपेटच्या इंजिनात कॅमशाफ्ट बहुधा बिडाचा असतो, त्याला बिडाचाच गिअर लागतो. रोलर टॅपेटचा कॅमशाफ्ट पोलादी असेल, तर गिअर खास कठीण केलेला पोलादी किंवा ब्राँझचा हवा. ब्राँझ मऊ असते. ते स्वतः झिजते आणि कॅमशाफ्ट वाचवते. म्हणून तो गिअर अधूनमधून तपासावा लागतो. अमेरिकेत फोर्ड कंपनीने 1985 साली मस्टँगच्या 5 लिटर इंजिनात रोलर टॅपेटचा पोलादी कॅमशाफ्ट आणला, तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा गिअरही पोलादी करावा लागला.

जोडी चुकली की दात झिजतात. करंट उशिरा पडतो, गाडी ओढत नाही, इंजिन तापते. झिजलेल्या दातांचा कीस ऑइलमध्ये उतरतो आणि नव्या बेअरिंगपर्यंत पोचतो. शे-पाचशे वाचवायला गेलेला मालक पुन्हा पूर्ण इंजिन खोलतो.

धातूइतकेच दातांच्या तिरकेपणालाही महत्त्व आहे. मुंबईत माझगावला महिंद्रा कंपनीने जी विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तिच्याच घराण्यातले उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये कॅमशाफ्ट साखळीवर फिरत असे. पुढे 1946 च्या सुमारास साखळी जाऊन टायमिंग गिअर आले. साखळीवर कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरवर उलट्या दिशेने. या इंजिनात कॅमशाफ्ट आधी ऑइल पंप फिरवतो आणि पंपाचा दांडा डिस्ट्रिब्युटरला फिरवतो. त्यामुळे दोन्ही प्रकारांत पंपाच्या गिअरचे दात उलट तिरके कापलेले आहेत. बाहेरून इंजिन सारखेच दिसते, पण एकाचा पंप दुसऱ्याला चालत नाही.

तेव्हा इंजिन बांधताना एवढे करा :

1) जुना गिअर भंगारात टाकू नका. नव्याशेजारी ठेवून दातांची संख्या, तिरकेपणा, भोक आणि पिनची जागा पाहा.

2) लोहचुंबक लावा. ब्राँझला तो चिकटत नाही. बीड आणि पोलाद दोन्हीला चिकटतो; म्हणून त्यांच्यासाठी कॅमशाफ्ट कोणत्या प्रकारचा आहे हे विचारा व पार्ट नंबर ताडून पाहा.

3) दातांना मार्किंगचा निळा रंग लावून हाताने फिरवा. खूण दाताच्या मध्यावर उमटली पाहिजे, कडेला नव्हे.

4) बसवताना दातांना ऑइल लावा. पहिले ऑइल लवकर बदला आणि काढलेल्या ऑइलात चुंबक फिरवून कीस येतो का ते पाहा. ब्राँझचा गिअर असेल तर ऑइल उजेडात धरून पिवळी चमक दिसते का ते बघा.

5) दुकानदाराकडून पार्ट नंबर लिहिलेले पक्के बिल घ्या. वाद झाला तर कागदच हेल्परच्या बाजूने बोलतो.

कोणी म्हणेल, आता डिस्ट्रिब्युटर राहिला कुठे? खरे आहे. डिझेल गाडीला तो कधीच नव्हता आणि नव्या पेट्रोल गाड्यांतूनही तो गेला. पण हौशी लोक जुन्या जीप, अँबॅसेडर आणि पद्मिनी आजही बांधून घेतात, आणि ते काम जाणणारे हात कमी होत चालले आहेत. शिवाय जोड पाहण्याची सवय डिझेलच्या टायमिंग गिअरलाही उपयोगी पडते.

तथागतांनी कालामांना सांगितले, की केवळ गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. गॅरेजमध्ये उस्तादाचा मान जरूर ठेवावा, पण 'हाच गिअर का?' हे नम्रपणे विचारावे. दहावी झालेल्या मुलांनी आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स जरूर करावा. आई-वडिलांनीही पोरगा घरी आला की 'आज किती मिळाले?' एवढेच न विचारता 'आज काय शिकलास?' हेही विचारावे. हेल्परचा मिस्त्री त्यातूनच होतो.

जय भीम! नमो बुद्धाय!