लाल पाइप दिसतात, पण पंप सुरू होतो का?

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात आग लागली आणि दहा तान्ही बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला. तिथंही दहाहून जास्त रुग्ण दगावले. तेव्हापासून ‘फायर ऑडिट’ हा शब्द तालुक्यापर्यंत पोचला, भिंतींवर सिलिंडर आले, लाल पाइप आले. पण त्या पाइपात पाणी ढकलणारा पंप चालतो का, हे क्वचितच विचारलं जातं.

मोठ्या इमारतीत किंवा कारखान्यात साधारण तीन पंप असतात. छोटा जॉकी पंप पाइपातला दाब टिकवून ठेवतो. नळ उघडला आणि दाब एकदम उतरला की विजेवरचा मोठा पंप आपोआप सुरू होतो. लाइट गेली तर डिझेलचा. आग लागली की वीज बहुतेक तोडलीच जाते, म्हणून खेड्यात काय किंवा शहरात काय, खरा भरवसा डिझेलवर.

शेतातली मोटर रोज चालते, म्हणून बिघाड लगेच कळतो. हा पंप मात्र महिनोन् महिने उभाच असतो. पावसाळाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला लागत नाही, तीच गत इथं. बॅटरी उतरलेली, टाकीत डिझेल नाही. कुठं दुरुस्तीसाठी बंद केलेला व्हॉल्व्ह तसाच राहून जातो. उन्हाळ्यात आगीसाठी राखलेलं पाणी संडास-बाथरूमला वापरलं जातं. आणि सगळ्यात घातक म्हणजे, पाइप गळत असेल तर जॉकी सारखा चालू-बंद होतो, त्याचा वैताग येऊन कुणीतरी पॅनेलचं बटण ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर किंवा बंदवर टाकतं. मग रात्री दोन वाजता तो पंप चालू करायला माणूस कोण?

आठवड्यातून एकदा पंप चालवून बघावा, अशी पद्धत आहे. विजेचा दहा मिनिटं, डिझेलचा अर्धा तास, इंजिन नीट तापेपर्यंत. नुसतं बटण दाबून चालवणं ही चाचणी नव्हे. व्हॉल्व्ह उघडून दाब उतरवायचा आणि पंप आपोआप उठतो का ते बघायचं. वर्षातून एकदा पाणी मोजायचं: ठरलेल्या क्षमतेच्या १५० टक्के पाणी सोडलं तरी दाब ६५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये.

राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार ही जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. गोची अशी की पंप बसवायला निधी मिळतो, उद्घाटन होतं. देखभालीचा करार संपल्यावर मात्र त्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. तालुक्याची अग्निशमन गाडी नगरपरिषदेतून निघून गावाच्या जिनिंगपर्यंत येईस्तोवर कापूस थांबत नाही.

सरकारी दवाखान्याचा ‘नमुना ब’ आणि पंप चालवल्याची नोंदवही माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. प्रमाणपत्राची तारीख आणि नोंदवहीतली शेवटची तारीख शेजारी ठेवून बघा.