पळवायचा प्रोसेसर आणि घरातली शिल्लक

मुलगा किंवा मुलगी डिप्लोमाला, बारावीला गेली की घरात एक मागणी हमखास येते. कॉम्प्युटर पाहिजे. मागणी रास्त आहे. पोटाला चिमटा घेऊन का होईना, आपल्या घरांनी ती पुरी केलीच पाहिजे, असे आम्ही मानतो. परंतु अलीकडे या मागणीला एक शेपूट जोडून येते. "ओव्हरक्लॉक होणारा प्रोसेसर पाहिजे!" बाप मागावर नाहीतर गोदामात राबून आलेला, आईची भिशी नुकतीच लागलेली. दोघे विचारतात, म्हणजे काय रे बाबा? उत्तर मिळते, तुम्हाला नाही कळायचे.

का नाही कळायचे? भिवंडीच्या माणसाला तर ते इतर कोणाआधी कळेल.

माग मोटारीवर चालतो. मोटारीची पुली काढून जरा मोठी बसवली की माग जोरात पळतो आणि पाळीत कापड जास्त निघते. पण तार जास्त तुटते, धोटा उडतो, मोटर तापते. कोणता माग किती जोर सोसेल हे कारागीर आवाजावरून ओळखतो. प्रोसेसरचेही असेच आहे. त्याला एक मूळ ठेका असतो, आजकाल बहुधा १०० मेगाहर्ट्झचा. त्या ठेक्याला एका आकड्याने गुणतात. ४५ ने गुणले तर ४५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे साडेचार गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवून दिलेला वेग आपल्या हाताने वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. पुली बदलायचाच हा प्रकार.

हा नाद पोरांना उगाच लागलेला नाही. एके काळी त्यात गरिबाचा खरोखर फायदा होता. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. त्याचा ठेका ६६ चा आणि गुणक साडेचार, म्हणून वेग ३००. गुणकाला कंपनीने कुलूप घातले होते, पण ठेका मोकळा होता. लोकांनी तो ६६ चा १०० केला आणि ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळू लागला. त्या वेगाचा पेंटियम टू त्याच कंपनीकडे कितीतरी महाग होता. जवळपास दीडपट वेग, वर एक पैसा न देता! गुणकाला कुलूप घालण्याचे एक कारणही ऐकण्यासारखे आहे. काही लबाड व्यापारी कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा शिक्का बदलून तो जास्त वेगाचा म्हणून विकत असत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

आज मात्र तो जमाना राहिलेला नाही. आताचे प्रोसेसर काम पडले की आपणहून वेग वाढवतात आणि तापले की कमी करतात. पुली कारखान्यातूनच जवळजवळ शेवटच्या मापाची बसवून येते. वर आपण ओढाताण करून मिळवणार ते बहुधा शेकड्यात बोटांवर मोजण्याएवढे. दीडपटीच्या गोष्टी सांगून आईबापांची भिशी फोडणाऱ्या पोरांना हे आधी सांगा.

तरीही हट्ट असेल तर मग इंटेल की एएमडी, हा प्रश्न येतो. इंटेलकडे कुलूप उघडे असलेला प्रोसेसर हवा तर नावाच्या शेवटी 'के' अक्षर पाहावे लागते. नुसता 'के' घेऊन भागत नाही, मदरबोर्डही 'झेड' मालिकेचा लागतो आणि तो महाग असतो. शिवाय 'के'च्या खोक्यात पंखा येत नाही, तो वेगळा घ्या. म्हणजे एका अक्षरापायी तीन ठिकाणी खिसा कापला जातो. एएमडीच्या रायझन मालिकेत बहुतेक प्रोसेसर मोकळेच असतात. बी५५०, बी६५० असे मधल्या किमतीचे 'बी' मदरबोर्डही त्यांना चालतात. फक्त ए५२०, ए६२० हे सर्वांत स्वस्त बोर्ड प्रोसेसरचा वेग वाढवू देत नाहीत. रायझन ५ ५६०० किंवा ७६०० च्या खोक्यात साधा पंखाही येतो. तेव्हा शिकण्याची हौस, कमी पैसा आणि ओव्हरक्लॉकिंग या तिन्हींचा मेळ घालायचा तर आमचे मत एएमडीच्या बाजूने पडते.

पण इंटेलवर अन्याय नको. कोअर आय५ १४६००के मध्ये १४ कोअर आहेत, रायझन ५ ७६०० मध्ये ६. लग्नाचे, जयंतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ जोडून चार पैसे कमावणाऱ्याला त्या १४ कोअरचा उपयोग होतो. मात्र पूर्ण जोरात पहिला १८१ वॅटपर्यंत वीज घेतो, दुसरा ८८ च्या आसपास. ९३ वॅटचा फरक. रोज पाच तास पूर्ण जोराने चालवला तर महिन्याला सुमारे १४ युनिट होतात. शंभर युनिटचा टप्पा ओलांडला की दर चढतो, हे घरातल्या बाईला पाठ असते. पोराला नसते.

आता खरी अडचण सांगतो, ती उष्णतेची. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि व्होल्टेज वाढले की विजेचा खप त्याच्या वर्गाने वाढतो. वेग दहा टक्के वाढवला, त्यासाठी व्होल्टेज दहा टक्के चढवले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे १.३३. दहा टक्क्यांच्या वेगासाठी तेहतीस टक्के जास्त ताप! पंखा कितीही भारी घ्या, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. थंड मुलुखातला कोणी २० अंशांच्या खोलीत बसून आकडे दाखवतो. आपली पत्र्याची खोली मे महिन्यात चाळिशीला टेकते. तो वीस अंशांचा फरक सरळ प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो. रायझन ७००० मालिका ९५ अंशांवर आणि इंटेलचे हे प्रोसेसर १०० अंशांवर आपणच वेग उतरवतात. मग पैसे कशाला ओतले?

जास्त व्होल्टेज काय करते याचा धडा खुद्द कंपन्यांनाही मिळाला आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर बंद पडू लागले, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीने जादा व्होल्टेज हे कारण सांगितले, ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. एएमडीचेही २०२३ मध्ये काही मदरबोर्डांवर प्रोसेसर जळाले, तेथेही दोष व्होल्टेजचाच. आणि आपण ओव्हरक्लॉक करून जाळला तर ते नुकसान कोणाच्याच वॉरंटीत बसत नाही.

आणखी एक. आपल्या घरात कॉम्प्युटर एकट्या पोराचा नसतो. त्यावर बहीण टॅली शिकते, प्रोजेक्ट लिहिते. भावाने रात्री वेग चढवून ठेवला आणि सकाळी तिचे काम जतन करण्याआधी मशीन अडकले, तर तिचे सत्र वाया जाते. खेळ चालला म्हणजे मशीन पक्के, असे नव्हे. तासन् तास भार देऊन तपासावे लागते.

म्हणून शिक्षणासाठी घ्यायचा असेल तर कुलूपबंद आय५ १२४०० घ्या नाहीतर चित्र दाखवण्याची सोय आतच असलेला रायझन ५ ५६००जी घ्या. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर ती सोय नसते, ग्राफिक्स कार्ड वेगळे लागते. वाचलेल्या पैशांत १६ जीबी रॅम, एसएसडी, नामांकित पॉवर सप्लाय आणि यूपीएस बसवा. आणि पोराला हात चालवायचाच असेल तर उलटे ओव्हरक्लॉकिंग शिकू द्या. रायझनवर 'इको मोड' लावून विजेची मर्यादा खाली आणायची, व्होल्टेज थोडे थोडे उतरवत पाहायचे. वेग फारसा घटत नाही, ताप मात्र चांगलाच उतरतो. यातही डोके तेवढेच लागते.

लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाणार असाल तर दोन-तीन दुकानांत भाव काढा, पक्के बिल घ्या, खोक्यावरचा नंबर बिलाशी ताडून पाहा. तेराव्या-चौदाव्या पिढीचा जुना इंटेल बिलाशिवाय स्वस्तात मिळत असेल तर हात लावू नका. आणि कारखान्यालगत राहणाऱ्यांनी दर पंधरा दिवसांनी मशीन बंद करून, वायर काढून, पंख्याच्या जाळीतली रुई ब्लोअरने उडवावी. उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.