भुसा-प्लास्टिकची फळी
लाकडाचा भुसा वितळलेल्या प्लास्टिकात मिसळून केलेल्या फळ्या हल्ली दुकानदार 'लाकडापेक्षा भारी' म्हणून गळ्यात मारतात. वजनाला भारी, हे खरंय! मोरीचं दार मी त्याचंच केलंय; पाण्यानं फुगलं नाही, वाळवीही लागली नाही. पण पत्र्याच्या खोलीत चार-चार फुटांवर टेकू देऊन युरियाच्या ४५ किलोच्या गोण्या ठेवल्या, अन् उन्हाळाभरात फळीला झोल आला. गोण्या काढल्या तरी सरळ होईना. प्लास्टिक तापलं की मऊ पडतं, कायमच्या ओझ्याखाली हळूहळू वाकतच जातं. लाकूड त्या मानानं ताठ. माझं म्हणणं, दाराला खुशाल वापरा. ओझं ठेवायचंच असेल तर टेकू सव्वा फुटाच्या आत घ्या, नाहीतर बाभळीची फळी टाका.